विमान जुनं, डोळे नवे: पुढची हवाई लढाई कशी असेल?

मे २०२५ मध्ये पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यात एक चिनी बनावटीचं क्षेपणास्त्र येऊन पडलं. नाव पीएल-१५. पाकिस्तानी लढाऊ विमानातून सुटलेलं, पण नेम चुकलेलं. १२ मेच्या पत्रकार परिषदेत भारतीय हवाई दलाने त्याच्या अवशेषांची छायाचित्रं दाखवली आणि जगभरच्या संरक्षण-अभ्यासकांनी कान टवकारले. मोटर, पंख, धातूची नळी यांचं कुणाला फारसं कुतूहल नव्हतं. अशा क्षेपणास्त्राचा जीव असतो त्याच्या नाकात. जेमतेम वीतभर रुंदीच्या त्या जागेत एक छोटं रडार आणि त्याला ऐकू आलेल्याचा अर्थ लावणारा संगणक बसवलेला असतो. तो कशाने फसतो हे कळलं, तर त्या जातीच्या प्रत्येक क्षेपणास्त्राची धार थोडी बोथट करता येते.

त्या लढाईत समोरासमोरच्या वैमानिकांनी एकमेकांना डोळ्यांनी पाहिलंच नाही. क्षेपणास्त्रं सुटली ती नजरेच्या टप्प्याच्या कितीतरी पलीकडून. कोण कुणाला आधी ‘दिसलं’ हे ठरवलं रडारने, आणि दिसलेलं खरं की खोटं हे ठरवलं सॉफ्टवेअरने.

हवाई युद्धाचं भविष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आणखी वेगवान, आणखी टोकदार विमान येतं. प्रत्यक्षात वेगाची शर्यत केव्हाच थांबली आहे. १९५५ साली पहिल्यांदा उडालेल्या मिग-२१ कुळातली विमानं ध्वनीच्या दुपटीने उडायची. आपलं राफेल त्याच्या सुमारे १.८ पट वेगाने उडतं आणि अमेरिकेचं एफ-३५ तर १.६ पटच. वेगात नवी विमानं मागेच गेली आहेत, तरीही मिग-२१ घेऊन एफ-३५ समोर जाण्याची हौस कुणाला नसेल. सत्तर वर्षांत जो फरक पडला तो मुख्यतः विमानाच्या पोटातल्या पेट्यांमध्ये, आणि यापुढेही तिथेच पडणार आहे. तो कसा, हे समजून घ्यायला आधी रडारचं थोडं गणित पाहावं लागेल. गणित सोपं आहे, पण त्याचे परिणाम चमत्कारिक आहेत.

चौथ्या घाताचा जाच

रडार रेडिओ लहरींचा एक छोटा झटका सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट पाहतं. लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, एका मायक्रोसेकंदात, ३०० मीटर. प्रतिध्वनी एका मायक्रोसेकंदाने आला तर समोरची वस्तू १५० मीटरवर, कारण जायचं आणि यायचं असं दोन्ही अंतर धरायचं. दीडशे किलोमीटरवरच्या विमानाचा प्रतिध्वनी परत यायला एक हजारांश सेकंद लागतो.

आता मेख इथे आहे. लहर जाताना पसरत जाते. अंतर दुप्पट झालं की तिचा जोर एक चतुर्थांश होतो. विमानावर आपटून परततानाही ती तशीच पसरते आणि उरलेल्याचा पुन्हा एक चतुर्थांश होतो. म्हणजे अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळापट क्षीण, दोनाचा चौथा घात. रडारचा पल्ला निव्वळ ताकदीच्या जोरावर दुप्पट करायचा तर सोळापट वीज ओतावी लागेल. लढाऊ विमानाच्या नाकात ते शक्यच नाही.

हाच नियम उलट्या बाजूने विमान लपवणाऱ्यांनाही छळतो. समजा एखादं विमान २०० किलोमीटरवरून दिसतं. त्याच्या अंगावरून परत जाणारी लहर सोळापट कमी केली, तर ते दिसण्याचं अंतर फक्त निम्मं होतं, १०० किलोमीटर. २० किलोमीटरपर्यंत आणायचं असेल तर परावर्तन दहा हजारपट कमी करावं लागतं. रडारपासून लपणाऱ्या ‘स्टेल्थ’ विमानांवर एवढा पैसा का ओतला जातो, आणि त्यांचे आकार असे विचित्र का असतात, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. शिवाय हे लपणं सगळ्या लहरींना सारखं लागू पडत नाही. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात युगोस्लाव्ह सैन्याने अमेरिकेचं एफ-११७ हे स्टेल्थ विमान पाडलं. तिथे विमानाचा सुगावा लावायला लांब तरंगलांबीचं जुनं रडार कामी आलं आणि मारा केला तो १९६०च्या दशकातल्या एस-१२५ क्षेपणास्त्राने.

ताकद वाढवून भागत नाही म्हटल्यावर रडार बनवणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. जुन्या लढाऊ विमानांच्या नाकात एक तबकडी असायची. ती मोटरने डावी-उजवीकडे, वर-खाली फिरायची आणि मागे एकच मोठी प्रक्षेपक नळी असायची. ती नळी बिघडली की वैमानिक आंधळा. आता तबकडीच्या जागी शेकडो ते दीड-दोन हजार छोट्या घटकांची सपाट फळी असते. प्रत्येक घटक स्वतःच प्रक्षेपक आणि स्वतःच ग्राहक. शेजारच्या घटकांनी सोडलेल्या लहरींत अगदी सूक्ष्म फरकाने उशीर ठेवला की एकत्रित झोत हव्या त्या दिशेला वळतो. काहीही हलत नाही, त्यामुळे झोत डोळ्याचं पातं लवायच्या आत शेकडो वेळा दिशा बदलू शकतो. फळीचा एक भाग दूरवर शोध घेत असताना दुसरा शत्रूच्या रडारवर आवाज फेकू शकतो. दहा-वीस घटक मेले तरी रडार चालू राहतं. अशा रडारला एईएसए म्हणतात. लढाऊ विमानात ते सर्वांत आधी सेवेत आणलं जपानने, एफ-२ विमानात. तेजससाठी बेंगळुरूच्या एलआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने केलेलं ‘उत्तम’ हे याच जातीचं.

या घटकांतल्या चिप आजवर गॅलियम आर्सेनाइडच्या असत. आता गॅलियम नायट्राइड येतंय. ते जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता सोसतं, त्यामुळे तेवढ्याच जागेतून कित्येक पट ताकद मिळते. बातम्यांत याचं वर्णन ‘क्रांती’ असं असतं. पण वरचा नियम लावून बघा. ताकद तिप्पट झाली तर पल्ला वाढतो जेमतेम १.३ पट. शंभराचे एकशे तीस किलोमीटर. वाईट नाही, पण क्रांतीही नाही. गॅलियम नायट्राइडचा खरा उपयोग पल्ल्यापेक्षा दुसऱ्याच कामाला आहे, शत्रूच्या रडारला गंडवण्याच्या.

लबाडीचं शास्त्र

रात्री शिवारात बॅटरी घेऊन राखणीला उभ्या असलेल्या माणसाचं घ्या. त्याला डुक्कर कधी दिसतं, तर उजेड डुकरापर्यंत जाऊन परत त्याच्या डोळ्यांत आला तर. पण बॅटरी पेटली आहे हे दोन बांधांपलीकडूनही कुणालाही दिसतं, कारण तिथे उजेडाला एकेरी प्रवासच पुरतो. रडारचंही तेच. शोधणाऱ्याला चौथ्या घाताचा नियम आणि ऐकणाऱ्याला फक्त वर्गाचा. त्यामुळे रडारला विमान दिसायच्या कितीतरी आधी विमानाला रडार ‘ऐकू’ येतं. शत्रूच्या रडारवर गोंगाट फेकणाऱ्या यंत्राला, जॅमरलाही, हाच फायदा मिळतो. त्याची लहर एकेरी जाते, म्हणून थोडक्या ताकदीतही ती दूरच्या रडारला भारी पडते. विमान जवळ येत गेलं की मात्र प्रतिध्वनी भराभर वाढतो आणि एका ठरावीक अंतराच्या आत रडार तो गोंगाट भेदून आरपार पाहू लागतं. जॅमर लावला की विमान अदृश्य, असं टीव्हीवरच्या चर्चांत ऐकायला मिळतं, ते म्हणूनच चूक आहे. जॅमर तुम्हाला काही किलोमीटर आणि काही सेकंद मिळवून देतो. लढाईत तेवढेही पुष्कळ असतात.

फसवणुकीचा इतिहास रडारइतकाच जुना. जुलै १९४३ मध्ये ब्रिटिश बॉम्बर विमानांनी हॅम्बर्गवर जाताना अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या कागदी पट्ट्यांची बंडलंच्या बंडलं हवेत उधळली. पट्टीची लांबी सुमारे २७ सेंटिमीटर होती, कारण जर्मन रडारची तरंगलांबी ५३ सेंटिमीटरच्या आसपास होती आणि तिच्या निम्म्या लांबीची पट्टी त्या लहरीला उत्तम प्रतिसाद देते. जर्मन पडद्यांवर विमानांचा महापूर आला. त्या रात्री गेलेल्या ७९१ विमानांपैकी फक्त १२ गमावली गेली, त्या काळच्या मानाने फारच कमी. गंमत अशी की ही युक्ती दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक होती. आपण वापरली तर शत्रूलाही कळेल, या धास्तीने दोघेही ती कडीकुलपात घालून बसले होते.

आजची लबाडी कागदाची नाही. शत्रूच्या रडारचा झटका विमानावर आदळतो, तेव्हा विमानातली पेटी तो जसाच्या तसा डिजिटल स्मृतीत उतरवून घेते आणि त्याची हुबेहूब नक्कल परत पाठवते. आता पुढचा खेळ जरा सावकाश बघण्यासारखा आहे.

एखाद्या विमानावर नजर बांधलेलं रडार प्रत्येक वेळी सगळं आकाश ऐकत बसत नाही. प्रतिध्वनी अंदाजे कधी येणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून त्या क्षणाच्या आगेमागे ते एक अरुंद खिडकी उघडतं. पेटी सुरुवातीला नक्कल अगदी खऱ्या प्रतिध्वनीच्या वेळेलाच पाठवते, पण किंचित मोठ्या आवाजात. रडार त्या मोठ्या आवाजाशी जुळवून घेतं आणि खरा प्रतिध्वनी त्याच्या लेखी फिका पडतो. मग पुढच्या प्रत्येक झटक्याला पेटी नक्कल थोडी उशिरा सोडू लागते. उशीर एका मायक्रोसेकंदाचा झाला की पडद्यावरचं विमान १५० मीटर मागे सरकतं. दोनचा झाला की ३०० मीटर. रडारची खिडकी खोट्या विमानामागे सरकत सरकत खऱ्यापासून लांब जाते. पुरेशी लांब गेली की पेटी गप्प बसते. रडारच्या खिडकीत आता काहीच नाही. पुन्हा पहिल्यापासून शोध सुरू. तेवढ्यात वैमानिकाने दिशा बदललेली असते.

अर्थात रडारवालेही दुधखुळे नाहीत. विमान मागे सरकताना दिसतंय पण त्याच्या लहरीतून कळणारा वेग त्याच्याशी जुळत नाही, असं दिसलं की त्यांचं सॉफ्टवेअर नक्कल पकडतं. मग नक्कल करणारी पेटी वेगही जुळवून पाठवू लागते. मग रडार प्रत्येक झटक्याची फ्रिक्वेन्सी आणि घडण बदलू लागतं, म्हणजे मागच्याची नक्कल पुढच्याला लागू पडू नये. त्याहून पुढची पायरी म्हणजे रडारने आपली ऊर्जा इतक्या रुंद पट्ट्यात पातळ करून सोडायची की ऐकणाऱ्याला तो निसर्गातला खरखराटच वाटावा. मग ऐकणाऱ्याला एकाच वेळी प्रचंड रुंद पट्टा ऐकावा लागतो, सेकंदाला अब्जावधी नमुने घ्यावे लागतात आणि त्यांतून तो सुगावा निवडावा लागतो.

सर्वांत मोठा बदल होतोय तो इथे. लहरीचं आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चिप आता एवढ्या वेगवान झाल्यात की ते काम अँटेनाच्या तोंडाशीच करता येतं. पूर्वी रडारची पेटी वेगळी, जॅमर वेगळा, रेडिओ वेगळा, शत्रूच्या लहरी ऐकणारा वेगळा. प्रत्येकाची अँटेना वेगळी. एकदा सगळं आकड्यांत आलं की तीच फळी या क्षणी रडार, पुढच्या क्षणी जॅमर आणि त्यापुढच्या क्षणी संदेशाची वाहिनी होऊ शकते. काय व्हायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं. गॅलियम नायट्राइडची जादा ताकद आणि रुंद पट्टा कामी येतो तो इथे.

ओळख पटवण्याचा घोळ

लढाऊ विमानात शत्रूच्या रडारची ओळख पटवणारी एक यंत्रणा असते. ऐकू आलेली लहर ती आपल्याकडच्या यादीशी ताडून पाहते: अमुक फ्रिक्वेन्सी, झटक्यांमध्ये अमुक अंतर, म्हणजे हे अमुक क्षेपणास्त्राचं रडार. ही यादी शांततेच्या काळात वर्षानुवर्षं टेहळणी करून बनवतात. म्हणून तर सगळे देश आपल्या रडारच्या काही खास पद्धती शांततेत कधीच वापरत नाहीत. युद्ध सुरू झाल्यावरच त्या बाहेर काढायच्या.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकेची एफ-३५ विमानं नाटोच्या पूर्व सीमेवर टेहळणी करत होती. त्यांच्या ३८८व्या फायटर विंगच्या कमांडरने नंतर सांगितलेली हकिकत मला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी वाटते. समोर रशियन एस-३०० जातीचं विमानवेधी क्षेपणास्त्र-दळ आहे हे हेरखात्याच्या माहितीवरून ठाऊक होतं, विमानाला लहरीही मिळत होत्या, पण विमान त्यांना ओळखेना. ते रडार पूर्वी कधी न ऐकलेल्या पद्धतीने चालवलं जात होतं. जगातल्या सर्वांत महागड्या लढाऊ-विमान प्रकल्पाचं विमान, आणि यादीत नाव नाही म्हणून गप्प. पुढे ती लहर नोंदवून यादीत भरली गेली.

म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेचं या क्षेत्रातलं खरं काम मला इथे दिसतं. यादीत नसलेली लहर ऐकून ‘ही कशाची असू शकेल, आणि तिला कशाने चकवता येईल’ हे उड्डाण चालू असतानाच ठरवणं. आज ते काम जमिनीवरच्या केंद्रात होतं आणि त्याला तास, कधी दिवस, कधी आठवडे लागतात. ते सेकंदांवर आणायचे प्रयत्न चालू आहेत. अडचण उघड आहे. जी लहर कुणी पूर्वी ऐकलेलीच नाही, तिचे धडे यंत्राला द्यायचे कुठून? आणि शत्रू मुद्दाम चुकीचे धडे देईल त्याचं काय?

बातम्यांत मात्र झळकते ती यंत्राची विमानाशी झुंज. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत एका संगणकीय स्पर्धेत कृत्रिम बुद्धिमत्तेने अनुभवी एफ-१६ वैमानिकाला ५-० असं हरवलं आणि भरपूर मथळे झाले. त्या यंत्राला प्रतिस्पर्ध्याची जागा आणि वेग सतत अचूक मिळत होता, हे मथळ्यांत आलं नाही. खऱ्या आकाशात तेच तर मिळत नाही. वर सांगितलेली सगळी लबाडी त्यासाठीच चालते. २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने चालवलेल्या एक्स-६२ए या प्रयोग-विमानाने खऱ्या एफ-१६ समोर खऱ्या आकाशात झुंज घेतली, ती जास्त महत्त्वाची. पण जवळून घिरट्या घेत होणारी लढाईच विरळ होत चालली असताना तिच्यात यंत्राने जिंकण्याचं मोल किती, ही शंका राहतेच.

बोलायचं नाही, फक्त ऐकायचं

रडार लावलं की आपण उघडे पडतो, म्हणून न लावताच पाहायचे मार्ग शोधले जातात. एक म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा. राफेल आणि सुखोई-३० या दोन्हींत तो आहे. त्याला अंतर नीट कळत नाही आणि ढग आडवे आले की तो अडतो, पण तो स्वतः काहीच सोडत नाही.

दुसरा मार्ग जास्त रंजक आहे. तीन-चार विमानं दूर-दूर उडत एकच शत्रू-लहर ऐकतात. ती प्रत्येकाकडे जराशा वेगळ्या वेळी पोचते आणि त्या वेळांतल्या फरकावरून तिचा उगम कुठे हे काढता येतं. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे घड्याळं तेवढी काटेकोर हवीत आणि सगळ्यांची एकमेकांशी जुळलेली हवीत. सध्या ही वेळ बहुतेक जण जीपीएसकडून उसनी घेतात. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, त्यांची लहर जमिनीवर पोचेतो इतकी क्षीण होते की मामुली जॅमरही ती बुडवतो. युक्रेनमध्ये हे रोजचं झालंय. म्हणून काडेपेटीएवढी अणुघड्याळं, उपग्रहाशिवाय दिशा राखणारी साधनं यांवर एवढा भर आहे. आणि माहिती एकमेकांना पोचवायची म्हणजे पुन्हा रेडिओ आलाच. तो पकडला जाऊ नये म्हणून अरुंद झोताचा, क्षणार्धात संपणारा संदेश. पुन्हा तीच एईएसए फळी.

स्वस्ताईचा झटका

आतापर्यंतचं सगळं महागड्या विमानांबद्दल झालं. पण इलेक्ट्रॉनिक्सची दुसरी करामत म्हणजे ते स्वस्त होत जातं, आणि मला वाटतं हवाई दलांची झोप यानेच जास्त उडवली आहे.

९ जून १९८२ ला लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने आधी बिनवैमानिक खोटी विमानं सोडली. सीरियन दळांना हल्ला आलाय असं वाटलं, त्यांनी रडार लावली, क्षेपणास्त्रं डागली. रडार कुठे आहेत, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहेत, सगळं उघड झालं. मग खरी विमानं आणि रडारच्या लहरीवरच जाऊन आदळणारी क्षेपणास्त्रं आली. काही तासांत तिथलं क्षेपणास्त्रांचं जाळं जवळजवळ संपलं. त्या काळी हे मोजक्याच देशांना जमण्यासारखं होतं.

८ मे २०२५ च्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले, असं आपल्या सरकारने सांगितलं. हवाई संरक्षणाची चाचपणी आणि माहिती गोळा करणं हा त्यामागचा हेतू असावा, असंही सांगितलं गेलं. म्हणजे बेकाचीच युक्ती, पण आता तिला मोठा खर्च लागत नाही. पुढे पाठवायचा ड्रोन मोबाइलच्या चिपवर चालतो.

त्या रात्री या ड्रोनना पाडायला वापरलेल्या शस्त्रांत एल-७० तोफा होत्या. मूळ स्वीडिश, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकातली रचना, आपल्याकडे गेली कित्येक दशकं. तोफ तीच, गोळा ४० मिलिमीटरचाच. पण त्यावर दिवस-रात्र पाहणारे कॅमेरे, लेझरने अंतर मोजणारं यंत्र आणि आपोआप लक्ष्याचा पाठलाग करणारी यंत्रणा बसवलेली. भंगारात निघायच्या वयाची तोफ पुन्हा कामाला लागली, आणि हजारो रुपयांच्या गोळ्यांत ड्रोन पडले. तिथे कोट्यवधींचं क्षेपणास्त्र वापरलं असतं तर हिशोब शत्रूच्या बाजूने गेला असता. सप्टेंबर २०२५ मध्ये पोलंडमध्ये घुसलेल्या वीसेक ड्रोनवर नाटोने एफ-३५ विमानं धाडली. त्यांतले काही पडले, पण हिशोब कुणालाच पटण्यासारखा नव्हता.

ड्रोनचा रेडिओ दाबायचा हा दुसरा उपाय. त्यावर युक्रेनच्या रणांगणात उतारा निघाला तो बारीक ऑप्टिकल फायबरचा. ड्रोन आपल्या मागे कित्येक किलोमीटर तार सोडत जातो, रेडिओच नाही तर दाबणार काय? दुसरा उतारा म्हणजे शेवटच्या टप्प्यात चित्र पाहून स्वतःच लक्ष्यावर जाणारी चिप. १ जून २०२५ ला युक्रेनने ११७ ड्रोन रशियाच्या आत लपवून नेऊन हवाई तळांवर उभ्या बॉम्बर विमानांवर सोडले आणि ते चालवायला रशियाचंच मोबाइल नेटवर्क वापरलं. दूर पल्ल्याची ती विमानं उडायच्या आधीच जळाली.

यावर लेझर आणि मायक्रोवेव्ह हत्यारांचा तोडगा सांगितला जातो. डीआरडीओने एप्रिल २०२५ मध्ये कुर्नूलला ३० किलोवॅटच्या लेझरची चाचणी घेतली. जमिनीवर हे जमेल. विमानात बसवायचं म्हटलं की जुनी अडचण आडवी येते, उष्णता. रडार असो, जॅमर असो की लेझर, घेतलेल्या विजेतला मोठा भाग तापण्यात जातो, आणि स्टेल्थ विमानाला ती उष्णता बाहेर फेकायला मोकळी भोकं ठेवता येत नाहीत. एफ-३५ ती आपल्या इंधनात मुरवतं. तरी नव्या इलेक्ट्रॉनिक्सला थंड ठेवायला इंजिनाकडून ठरल्यापेक्षा जास्त हवा घ्यावी लागते आणि इंजिन लवकर झिजतं, म्हणून आता इंजिनातच सुधारणा करायची वेळ आली आहे. पुढच्या पिढीच्या विमानांचा आकार वाढताना दिसतो, त्याच्या कारणांत इंधनाबरोबर वीज आणि थंडावा हेही आहे. मोठी विमानं संख्येने कमी, आणि प्रत्येकासोबत चार-दोन बिनवैमानिक साथीदार, अशी रचना अमेरिकेने धरली आहे. त्यांच्या अशा दोन साथीदार-विमानांनी २०२५ मध्ये पहिली उड्डाणं केली. रडार लावायचं काम साथीदाराला, ऐकायचं वैमानिकाला.

ओझरच्या शेडमधला प्रश्न

१७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकजवळच्या ओझर इथल्या एचएएलच्या कारखान्यात बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केलं. त्याच ओझरला हवाई दलाची दोनशेहून जास्त सुखोई-३० तयार झाली आहेत. ही विमानं आणखी दोन-तीन दशकं तरी उडणार आहेत, आणि त्यांचं रडार अजून एकाच प्रक्षेपक नळीच्या मधल्या पिढीचं आहे. ते बदलून गॅलियम नायट्राइडचं भारतीय एईएसए रडार, नवा मिशन संगणक, नवा जॅमर बसवायची योजना आहे.

कच्च्या मालाची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. गॅलियम हे बॉक्साइटपासून अॅल्युमिनियम काढताना मिळणारं उपउत्पादन आहे. जगातलं जवळजवळ सगळं प्राथमिक गॅलियम चीनमधून येतं आणि ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. रडारला लागतं ते काही ग्रॅमच्या हिशोबात, त्यामुळे साठा करून ठेवणं अवघड नाही, पण तो करावा लागतो.

त्याहून अवघड गाठ सॉफ्टवेअरची. विकत घेतलेल्या विमानात आपलं क्षेपणास्त्र जोडायचं, शत्रूच्या नव्या रडारची ओळख भरायची, तर मूळ प्रणालीत हात घालायची मुभा लागते, आणि ती विकणारा सहसा देत नाही. सुखोईच्या बाबतीत आपले मिशन संगणक बरेचसे इथलेच असल्याने ‘अस्त्र’ हे भारतीय क्षेपणास्त्र त्यावर जोडता आलं. तेजसच्या मार्क-१ए मध्ये सुरुवातीला इस्रायली रडार आहे आणि पुढच्या विमानांसाठी ‘उत्तम’ ठरलेलं आहे. त्या बदलात पल्ला किती किलोमीटरने वाढला याची चर्चा वर्तमानपत्रांत होईल. मी मात्र दोन गोष्टी विचारेन. संध्याकाळी सीमेवर ऐकू आलेली अनोळखी लहर सकाळच्या उड्डाणाआधी विमानाच्या यादीत भरता येईल का? आणि पाच वर्षांनी चिप जुनी झाली की पेटीतलं एक कार्ड उपसून दुसरं खोचता येईल, की पुन्हा आख्खं विमान दोन वर्षं ओझरच्या शेडमध्ये उभं करावं लागेल?